सोन्याची रेती, रेतीचे सोने

सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. सोने प्रत्यक्ष काढणाऱ्यांच्या गोष्टी त्या मानाने फार थोड्या. ही खोड जुनी आहे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिराला राजसूयाच्या वेळी आलेल्या भेटींत ‘पिपीलिक’ सोन्याचा उल्लेख येतो. पिपीलिक म्हणजे मुंग्यांनी उकरून काढलेले. हिरोडोटसनेही आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात भारताच्या वाळवंटातल्या मुंग्यांची हकीकत दिली आहे. त्या कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या, बीळ करताना त्या सोन्याची वाळू वर आणतात आणि माणसे ती पोत्यांत भरून उंटांवरून पळ काढतात. या हकीकतीमागे काय तथ्य असावे यावर विद्वानांनी बराच खल केला आहे. मला तिच्यातली सोय अधिक लक्षणीय वाटते. खणण्याचे काम मुंग्यांवर टाकले की मजुरी कोणी, किती दिली हा प्रश्नच उरत नाही.

चित्रपटांकडे आणि कथांकडे याच प्रश्नाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. विषय गाळातल्या सोन्याचा: डोंगराच्या शिरेतून सुटून ओढ्या-नद्यांच्या वाळूत येऊन पडलेल्या आणि वाळू धुऊन मिळवायच्या सोन्याचा. अशा कथा बहुधा ओसाड मुलुखात घडतात. कोरडा ओढा, दोन्ही बाजूंना उभे कडे, पाण्याची टंचाई आणि चार लोभी माणसे. मी मात्र विरारला राहतो. येथून उत्तरेला एका स्टेशनाच्या अंतरावर वैतरणेची खाडी आहे. तिच्या तळातली रेती काढून, धुऊन, ब्रासच्या भावाने विकून आमचे शहर उभे राहिले. त्यामुळे सोन्याच्या कथा मी रेतीच्या कडेला बसून वाचतो आणि पाहतो, आणि त्या वाचताना तीन प्रश्न विचारतो. हात कोणाचे होते? मजुरी कोणी, किती दिली? आणि मागे राहिलेला खड्डा कोणाचा?

वाळू आणि वजन

आधी कामाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण कथेतले खरे-खोटे तिथेच कळते. सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९.३ पट आहे. साध्या वाळूतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, २.६५ पट. डोंगरातली सोन्याची शीर उन्हापावसाने झिजते, कण सुटतात, पूर त्यांना खाली आणतो. जिथे प्रवाहाचा जोर मंदावतो तिथे जड कण आधी बसतात. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे, तळखडकाच्या भेगांत. वाळवंटातल्या ओढ्यांना वर्षातून थोडेच दिवस पाणी असते, पण ते येते तेव्हा लोंढ्याने येते. प्रवाह पात्र खोल कापत गेला की त्याचा जुना तळ कड्यांच्या अंगावर वर राहून जातो. म्हणून तिथे सोने कधी पायाखाली, तर कधी डोक्याच्या वर सापडते. धुण्याची रीत सर्वत्र एकच आहे. परातीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल हलवायची, हलके वाहू द्यायचे, जड तळाशी ठेवायचे. मोठ्या प्रमाणावर करायचे तर लाकडी पन्हळीत आडव्या पट्ट्या ठोकून तीवरून पाणी आणि वाळू सोडायची. पाणीच नसेल तर भाता मारून वाऱ्याने हलके उडवायचे.

हे काम आपल्याला परके नाही. मराठीत ‘झारेकरी’ हा शब्द आहे. सोनारांच्या दुकानातली राख, केर, गटाराचा गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारा तो झारेकरी. झवेरी बाजारात त्यालाच धुळधोया म्हणतात. नागपूरहून कारभार चाललेल्या जुन्या मध्य प्रांतात नदीची वाळू धुणाऱ्या सोनझाऱ्यांची स्वतंत्र जात होती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली निघालेल्या ग्रंथात तिच्यावर नोंद आहे, आणि बालाघाट हा आपल्या गोंदियाला लागून असलेला जिल्हा तिच्या मुलुखात येतो. आपल्या कथासाहित्यात सोनार आहे, सावकार आहे, दागिन्यासाठी झुरणारी सून आहे. झारेकरी शोधावा लागतो. पाटल्यांवर कथा लिहिणाऱ्याला त्या पाटल्या घडवताना उडालेल्या कणासाठी गटारात हात घालणारा माणूस सहसा दिसत नाही.

घबाडाची कथा

मुंबईच्या एका पिढीसाठी सोन्याचा चित्रपट म्हणजे ‘मॅकेनाज गोल्ड’. जे. ली थॉम्प्सन यांचा हा १९६९ सालचा चित्रपट भारतात अफाट लोकप्रिय झाला. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, सूर्योदयाला लांबत जाणारी सुळक्याची सावली आणि ती जिथे थांबते त्या खिंडीपलीकडचा सोन्याचा कडा. दृश्य म्हणून ते आजही विसरता येत नाही. पण तीन प्रश्न लावून पाहावे. हात कोणाचे? कोणाचेच नाहीत. सोने कड्यावर आयते चमकते आहे, ते फक्त ओरबाडायचे. मजुरीचा संबंधच नाही. आणि खड्डा? शेवटी भूकंप होतो, कडे कोसळतात, खिंड बुजून जाते. म्हणजे लोभाची शिक्षा देण्याचे आणि जमीन सारखी करण्याचे अशी दोन्ही कामे दिग्दर्शकाने निसर्गावर सोपवली. प्रेक्षक हिशेब न मागता घरी जातो. नायकाच्या घोड्याच्या खोगिरातल्या पिशव्यांत थोडे सोने राहिलेले असतेच.

‘केजीएफ’चे दोन भाग २०१८ आणि २०२२ साली आले. त्यांत निदान कामगार दिसतात, हजारोंनी दिसतात. परंतु ते गर्दी म्हणून दिसतात. त्यांच्या अंगावरची धूळ कॅमेऱ्याला आवडते, त्यांचे कौशल्य आवडत नाही. त्यांना तारणारा येईपर्यंत त्यांनी मार खायचा आणि तो आला की त्याचा जयघोष करायचा, एवढेच त्यांना काम. कोलारची खरी खाण सव्वाशे वर्षांच्या आसपास चालून २००१ साली बंद झाली. तिच्या भोवती आज जे उरले आहे, ते म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे आणि कामाच्या शोधात रोज रेल्वेने बंगळूरला जाणारी माणसे. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांना जागा मिळालेली नाही.

दोन्ही चित्रपट आपापल्या परीने कुशल आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. माझा आक्षेप त्यांच्या जातकुळीला आहे. ही घबाडाची कथा आहे. घबाडाच्या कथेत सोने सापडते, कमावले जात नाही.

हॉवर्डची दोन भाषणे

याच्या अगदी उलट टोकाला ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ आहे. बी. ट्रावेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या, स्वतःची ओळख आयुष्यभर लपवलेल्या लेखकाची ही जर्मन कादंबरी १९२७ साली आली. जॉन ह्यूस्टन यांनी १९४८ साली तिच्यावर चित्रपट केला. दिग्दर्शन आणि पटकथा या दोन्हींसाठी त्यांना, आणि म्हाताऱ्या हॉवर्डच्या भूमिकेसाठी त्यांचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांना, असे एकाच चित्रपटाला ऑस्कर मिळाले. लोभ माणसाला कसा खातो याची ही कथा, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. हम्फ्री बोगार्टने रंगवलेला डॉब्ज संशयाने वेडा होत जातो, ते पाहता हे वाचन चूक नाही. पण अपुरे आहे.

चित्रपट सोन्यापासून सुरू होत नाही, बुडालेल्या मजुरीपासून सुरू होतो. मेक्सिकोतल्या टँपिको बंदरात डॉब्ज भीक मागतो आहे. एक कंत्राटदार त्याला आणि कर्टिनला तेलविहिरीच्या कामावर नेतो, राबवून घेतो आणि पैसे न देता नाहीसा होतो. पुढे तो भेटतो तेव्हा मद्यगृहात जीवघेणी मारामारी होते. डॉब्ज त्याचे पाकीट काढतो आणि मोजून आपली थकलेली मजुरी तेवढी घेतो, उरलेले पाकीट परत टाकतो. पुढे सोन्यासाठी सोबत्यावर गोळी झाडणारा माणूस हाच. मला हा प्रसंग सबंध चित्रपटाची किल्ली वाटतो. मजुरीचा आकडा ठरलेला असतो, त्यामुळे ‘पुरे’ म्हणता येते. घबाडाला आकडा नसतो. डॉब्जचा स्वभाव मधल्या काळात बदलत नाही, त्याच्या हातात येणाऱ्या पैशाची जात बदलते.

धर्मशाळेवजा निवाऱ्यात हॉवर्ड पहिले भाषण करतो. सोने महाग का, याचे त्याचे उत्तर असे: हजार माणसे शोधायला निघतात, महिनोन् महिने वणवण करतात आणि एकालाच सापडते. त्या एकाच्या सोन्यात उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांची वणवणही जमा असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे वादग्रस्त आहे. निव्वळ श्रमाने किंमत ठरत असती तर विहीर खोदून पाणी न लागलेल्या शेतकऱ्याचा खड्डाही विकला गेला असता. पण हॉवर्डचे म्हणणे किमतीविषयी नसून ऋणाविषयी आहे असे धरले की ते पटते. सापडलेल्याने न सापडलेल्यांची आठवण ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे चित्रपट काम दाखवतो. पाणी आणणे, पन्हळ बांधणे, बोगद्याला टेकू देणे, तो ढासळून डॉब्ज गाडला जाणे आणि कर्टिनने त्याला ओढून काढणे. रात्री तराजूत सोन्याची भुकटी मोजून तिघांत वाटणे. त्याआधी वाटेत डॉब्ज आणि कर्टिन चकाकणाऱ्या फसव्या दगडावर पाणी ओततात तेव्हा हॉवर्ड त्यांना बजावतो की पाणी कधी कधी सोन्याहून मोलाचे ठरते. त्याच्या पायाखालीच सोने असते तेव्हा तो जो नाच करतो, तो जाणकाराचा नाच आहे. या चित्रपटात सोने ओळखायला ज्ञान लागते, काढायला हात लागतात, आणि त्या हातांना फोड येतात.

आणि मग दुसरे भाषण. मनासारखे सोने मिळाल्यावर निघायची वेळ येते. हॉवर्ड म्हणतो, आपण या डोंगराला जखम केली, ती बुजवल्याशिवाय जाता येणार नाही. आणखी आठवडाभर राबावे लागेल. दोघे तरुण कुरकुर न करता तयार होतात, हे विशेष. पन्हळ मोडतात, बोगदा बुजवतात, डोंगर होता तसा करतात. हॉलिवूडच्या त्या काळात खाण बुजवण्याचे दृश्य घेणे ही साधी गोष्ट नव्हती. कथेच्या गतीला त्याची काही गरज नाही, ते कापले असते तरी कथानक अडले नसते. पण पहिले भाषण श्रमाचे ऋण मोजते तसे दुसरे जमिनीचे ऋण मोजते. या दोन भाषणांच्या मधे हा चित्रपट उभा आहे, असे मी मानतो. समीक्षकांनी पहिल्या भाषणावर बरेच लिहिले. दुसऱ्याकडे बहुधा म्हाताऱ्याचा भाबडेपणा म्हणून पाहिले गेले.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. दरोडेखोर डॉब्जला मारतात. त्यांना हवी असतात ती गाढवे आणि कातडी. पिशव्यांतली भुकटी म्हणजे कातड्यांचे वजन वाढवायला भरलेली वाळू असे समजून ते ती ओतून टाकतात. वारा सुटतो आणि दहा महिन्यांची कमाई डोंगराकडे उडून जाते. हॉवर्ड आणि कर्टिन पोट धरून हसतात. यात दैवाचा विनोद आहेच. शिवाय एक साधी गोष्ट आहे. ज्याला बाजार ठाऊक नाही, त्याच्या हाती सोने आणि वाळू एकच.

या चित्रपटालाही आंधळी बाजू आहे. हा डोंगर कोणाचा, हे तो कधी विचारत नाही. गावातले मूळ रहिवासी हॉवर्डकडे येतात ते बुडालेल्या मुलाला वाचवण्यासाठी, आणि मग त्याला देवासारखा मान देतात. ती माणसे इथलीच, पाणी त्यांचे, डोंगरही त्यांचा. परक्यांनी तिथे खणावे की नाही यावर त्यांचे मत काय, याला चित्रपटात जागा नाही. हॉवर्ड डोंगराला जखमी बाई म्हणतो आणि तिची माफी मागतो. जिवंत माणसांची परवानगी मागण्यापेक्षा डोंगराची माफी मागणे सोपे असते. म्हणून माझ्या तीन प्रश्नांत ‘खड्डा कसा बुजवला’ असे न विचारता ‘खड्डा कोणाचा’ असे विचारले आहे.

वैतरणेचा तळ

आता खाडीकडे येऊ. विरारहून डहाणूची लोकल पकडली की वैतरणा स्टेशन सोडल्यावर सफाळ्याच्या आधी दोन लांब पूल लागतात, रेल्वेच्या हिशेबात क्रमांक ९२ आणि ९३. दोन्हींच्या मधे वाढीव आणि वैतीपाडा ही वस्ती आहे, चहूबाजूंनी खाडीचे पाणी. येथील माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालत आली आहेत. नदी त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून निघते आणि अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. ओहोटीचे आणि भरतीचे पाणी जिथे एकमेकांना अडवते तिथे प्रवाह मंदावतो आणि रेती बसते. सोन्याच्या कणाला जो नियम लागू, तोच रेतीच्या कणाला.

ही रेती काढण्याच्या जुन्या पद्धतीला सरकारी कागदात ‘हातपाटी’ किंवा ‘डुबी’ म्हणतात. होडी नांगरायची. एक माणूस बांबूच्या आधाराने दम धरून तळाशी जातो, लोखंडी बालदी रेतीने भरतो, वरचे दोराने ती ओढून होडीत रिकामी करतात. तो वर येतो, श्वास घेतो, पुन्हा खाली जातो. गढूळ पाण्यात खाली काही दिसत नाही, सगळे काम हाताच्या अंदाजाने. बंदरावर रेती उतरवायची, धुवायची, कारण खाडीच्या रेतीत मीठ असते आणि मीठ काँक्रीटमधल्या सळईला गंज आणते. सळई घातलेल्या काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये क्लोराइड ०.६ किलोहून जास्त नसावे, असे आपले भारतीय मानक सांगते. म्हणजे इथेही पन्हळ आहे, पाणी आहे, धुणे आहे. फरक एवढाच की सोन्याच्या कामात वाळू वाहून जाऊ देतात, आणि इथे वाळू ठेवून बाकीचे वाहून जाऊ देतात.

हॉवर्डचा पहिला हिशेब इथे करून पाहू. बांधकामाच्या दर चौरस फुटाला साधारण १.८ घनफूट रेती, असा कंत्राटदारांचा ठोकताळा असतो. ५०० चौरस फुटांच्या घराला ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. एका बालदीत अर्धा घनफूट रेती मावते असे धरले तर १,८०० बालद्या, म्हणजेच १,८०० बुड्या. वीस घरांच्या इमारतीला छत्तीस हजार. सगळीच रेती काही डुबीने निघत नाही आणि सगळी वैतरणेची नसते, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती १२ लाखांच्या वर होती. इतक्या लोकांच्या घरांमागे किती दम कोंडले गेले असतील याचा विचार या अंदाजाने निदान सुरू होतो. मी ज्या खोलीत बसून हे लिहितो तिच्या भिंतींतही ते दम आहेत.

मग सक्शन पंप आला. पंप तळाची रेती पाण्यासकट खेचून घेतो, रात्रभर न थकता. याला जोडीदार शोधायचा तर कॅलिफोर्नियातच मिळतो. तिथल्या गाळसोन्याची परात संपल्यावर पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर विरघळवून पन्हळीतून सोडले गेले. सोने अडले, बाकीचा गाळ नद्यांत गेला, नद्यांचे तळ वर आले, खालच्या शेतांत आणि मेरीसव्हिल गावात पूर घुसले. तिथल्या एका मालमत्ताधारकाने खटला भरला आणि १८८४ साली न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला मनाई केली. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने १९१७ साली मांडलेल्या अभ्यासातून कळते की खाण बंद झाल्यावरही तो गाळ कित्येक दशके लाटेसारखा खाली सरकत राहिला.

वैतरणेचे दुखणे याच्या उलट आहे. तिथे नदीत नको तितका गाळ आला, इथे हवा तितका येत नाही. वरच्या अंगाला अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि उपनदीवर तानसा ही धरणे आहेत. मुंबईला पाणी मिळते, आणि त्या पाण्याबरोबर खाली यायची रेती जलाशयांत अडते. वरून भर कमी आणि खालून उपसा जास्त झाला की तळ खोल जातो, काठ ढासळतो, खारे पाणी आत शिरते, पुलाच्या खांबांभोवतीची जमीन सुटू लागते. म्हणून रेल्वे पुलांच्या परिसरात उपशाला मनाई आहे आणि म्हणूनच ती मोडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. कायद्याने हॉवर्डचे दुसरे भाषण ऐकले नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पुनर्भरणाचा अभ्यास आला. जितकी रेती पावसाळ्यात परत येते त्याच्या मर्यादेतच काढायची. कागदावरचा तो आठवडाच आहे. पण रात्री चालणारा पंप अभ्यास वाचत नाही.

बातमी नावाची कथा

वैतरणेची कथा आज सांगते कोण? कादंबरी नाही, नाटक नाही. ‘रेती’ नावाचा एक मराठी चित्रपट २०१६ साली आला, त्याचा विषय वाळूमाफिया होता. एरवी ही कथा सांगतात वर्तमानपत्रे, आणि समीक्षकाने त्यांच्याकडेही कथा म्हणून पाहायला हरकत नसावी. या बातमीचा साचा ठरलेला आहे. ‘वाळूमाफियांवर धडक कारवाई’, इतक्या बोटी नष्ट, इतके सक्शन पंप जप्त, इतके ब्रास रेती, इतक्या लाखांचा मुद्देमाल. बातमीदार धोका पत्करून लिहितात, यात शंका नाही. तरीही तीन प्रश्न विचारले की या बातम्या ‘मॅकेनाज गोल्ड’च्या बाजूला जाऊन बसतात.

हात कोणाचे? ‘माफिया’ या एका शब्दात बोटीचा मालक, पंप लावणारा, ट्रकवाला आणि बालदी घेऊन तळाशी जाणारा मजूर हे सगळे कोंबले जातात. परवाना असलेल्या होडीवर डुबी मारणारा आणि रात्रीचा पंपवाला यांत फरक उरत नाही. मजुरी? आकडा असतो तो जप्त मालाचा. बुडीमागे काय मिळते, दम तुटला तर घरच्यांना काय मिळते, हे येत नाही. खड्डा? बोटी जाळल्याचे छायाचित्र येते. धूर आणि ज्वाळा हा या कथेतला भूकंप आहे. खलनायकाला शिक्षा झाली, पडदा पडला. तळ किती खोल गेला, वाढीवचा काठ किती ढासळला, कोळ्याच्या जाळ्यात काय येईनासे झाले, हे मोजण्याची गरज कथेला वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की दोन इंच जागेत बातमीदाराने काय काय लिहावे? आणि मजुराविषयी कळवळा दाखवला तर उपशाचे समर्थन होणार नाही का? दुसरा आक्षेप गंभीर आहे. ट्रावेन-ह्यूस्टन जोडीने त्याचे उत्तर दिले आहे असे मला वाटते. त्यांनी खणणाऱ्यांचे हात जवळून दाखवले आणि त्याच हातांनी जखम झाली हेही लपवले नाही. राबणारा माणूस दाखवला म्हणून त्याचे काम निर्दोष ठरत नाही. उलट तो दिसला की त्याच्यामागचा कंत्राटदार, त्याच्या मागचा बांधकाम व्यावसायिक आणि त्याच्या मागचे आपण असे सगळेच क्रमाने दिसू लागतो. ‘माफिया’ या शब्दाची सोय अशी की तो कानी पडला की घर विकत घेणारा स्वतःला कथेबाहेर समजतो. मुंग्यांनी सोने काढले म्हणण्यासारखेच हे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरते. आमच्याकडे आता बरीचशी रेती दगड भरडून तयार होते. म्हणजे खड्डा नदीतून महामार्गाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत गेला. सोने हरवले तर वाऱ्यावर उडून डोंगरात परत जाते, म्हणून हॉवर्डला हसता आले. वैतरणेची रेती इमारतींत घट्ट बसली आहे, ती परत जायची नाही. जे अजून तळाशी आहे त्याचाच हिशेब करता येईल.

तो हिशेब साहित्यानेही करावा, एवढेच माझे मागणे आहे, आणि सुरुवात लहान करता येईल. पुढच्या वेळी अमुक ब्रास रेती जप्त झाल्याची बातमी लिहिताना तीत तीन ओळी जास्त घालाव्यात. तळाशी कोण गेले होते, त्याला बुडीमागे काय मिळत होते, आणि त्या ठिकाणी खाडी आता किती खोल आहे.